उधळ्या पोराची आई

घणसोली,
रविवार, रात्र

प्रिय शुभे,
सप्रेम सलाम.

उत्तराला दोन महिने लावले, चिडू नकोस. आजारपण नव्हतं, पाहुणे नव्हते. नुसती गोष्ट अडली होती. गोष्ट अडली की मी घरातसुद्धा कुणाशी धड बोलत नाही, तुला ठाऊकच आहे.

तीच गं, मुंबईत वाया गेलेल्या पोराची. एका संपादकांनी परत पाठवली, सोबत एकच ओळ: 'प्रवचन उत्तम आहे.' आधी संताप आला. मग ठाण्याला जाताना गाडीत पुन्हा वाचली आणि ऐरोली यायच्या आतच पटलं. माझी सगळी माणसं नाताळच्या फोटोला बसल्यासारखी, इस्त्री करून.

त्यात ऑफिसात परवा परत तोच प्रश्न: "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठीत कसं काय लिहिता?" बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, हे सांगायचा आता कंटाळा येतो. "नगरची आहे मी," म्हणते आणि भाकरीचा डबा उघडते.

पण मागच्या रविवारी चर्चमध्ये हंगामाचा सण होता. उपासनेनंतर लिलाव. पाळकसाहेब स्वतः बोली चढवत होते, एक दुधी भोपळा चारशेला गेला! मी पाणी प्यायला मागे गेले, तर प्रीतिभोजनाच्या टोपापाशी एक मावशी एकट्याच. (नाव लिहीत नाही, तू ओळखशील.) त्यांना माझी चाहूल नव्हती. पदराआडून स्टीलचा डबा काढला, पळीनं तळाशी चाचपून एक नळी शोधली, मग दुसरी, वर रस्सा. डब्याची कड बोटानं पुसली, झाकण दाबलं, आणि वळल्या तर समोर मी.

"पोराला," म्हणाल्या. "घरी हाय. येत नाही ना तो इकडं."

सहा वर्षं झाली त्या भांडणाला. कशावरून झालं ते आता कुणालाच नीट आठवत नाही. मला काय सुचावं? "मावशी, वरून कोथिंबीर घाला की."

रात्री बायबलमधला लूकचा १५ वा अध्याय काढला, घर सोडून सगळं उधळून परत आलेल्या धाकट्या पोराची गोष्ट. बाप आहे, दोघं भाऊ आहेत, डुकरं, अंगठी, पुष्ट वासरू, सगळं आहे. आई नाही! संडे स्कूलच्या नाटकात मी त्यातलं डुक्कर झाले होते, तू हसून हसून बेंचावरून पडली होतीस, तरी आपल्याला हे कधी खटकलं नाही. ते वासरू रांधलं कुणी? थोरला रुसून बाहेर उभा राहिला, त्याचं ताट कुणी झाकून ठेवलं?

आता पहिल्याच पानावर आई चोरून डबा भरते. रबाळे ते दिघा, फोनवर लिहिते. बसायला मिळालं तर दोन परिच्छेद, नाहीतर एक. मुलगा जेवतो, पण चर्चला येत नाही. निदान अजून तरी नाही. मी त्याला ओढत नाहीये. मावशींना मात्र अजून विचारलं नाही. त्यांनी मटण चोरलं, मी त्यांचा डबा चोरला.

एक काम कर. तुझी आई मटणाच्या वाटणात खोबरं किती काळं भाजायची आणि कांदा चुलीत घालायची का, ते विचारून लगेच कळव. तिसऱ्या पानावर अडलेय.

तुझी,
करुणा