हळदीची पूड वसमतलाच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शिवारात सध्या हळदीची शिजवणी चालू आहे. पहाटे चारला कुकर पेटतो, उजाडेपर्यंत ताडपत्रीवर वाफाळती हळद पसरलेली असते. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल होते. एवढं पाणी ट्रकमधून वाहून नेणं कुणालाच परवडत नाही. म्हणून शिजवणं, वाळवणं, ढोलात घालून पॉलिश करणं ही सगळी कष्टाची कामं शेताजवळच होतात. वाळकी हळद मात्र कुठंही नेता येते, आणि आमचा तोटा तिथून सुरू होतो. आमचा बराच माल गोदावरीचं खोरं सोडून कृष्णाकाठी, सांगलीला जातो. पूड, पॅकिंग आणि त्यातला रोजगार तिकडचा.

यात सांगलीकरांचा दोष नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद कीड न लागता वर्षानुवर्षं राहायची, त्या आधारानं तो बाजार वाढला. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, बरीचशी निकामी झाली. तरी बाजार हलला नाही. तोवर तिथं अडते, गिरण्या, उचल देणारे व्यापारी, देशभरचे खरेदीदार जमलेले होते. बाजार असा माणसांनी धरून ठेवलेला असतो. मग तो वसमतला का उभा राहू नये?

आमच्याकडं पूर्णा प्रकल्पाचं पाणी आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळद संशोधन केंद्रही इथंच आहे. पण सौद्यात भाव अजून कांडी मोडून, आतला रंग बघून ठरतो. गेल्या साली एका खरेदीदारानं माझी कांडी मोडली, 'फिकी आहे' म्हणाला आणि भाव पाडला. हळदीला पिवळा रंग देणारं कुरकुमिन तिच्यात किती, हे ना त्याला ठाऊक ना मला. माझा मुलगा पुण्यात मसाल्याच्या कारखान्यात नोकरीला आहे. तो फोनवर म्हणाला, "बाबा, आमच्याकडं नमुना तपासल्याशिवाय पोतं आत येत नाही."

ही तपासणी बाजार समितीच्या आवारात, सौद्याआधी व्हावी आणि तिची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडावी. शेतकरी कंपन्यांना दळणाच्या यंत्रांसाठी कमी व्याजानं कर्ज आणि गोदामाच्या पावतीवर उचल मिळावी. पुढच्या काढणीआधी एवढं झालं, तरी आमची काही पोती इथंच दळली जातील.

आपला,
एक हळद उत्पादक शेतकरी
ता. वसमत, जि. हिंगोली