पाईप वाफेत आणि क्यूब पाण्यात, असं नको साहेब

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात सिमेंटचे पाईप बनवतो, गावरस्त्याच्या मोरीत टाकतात ते. पाईप लवकर घट्ट व्हावा म्हणून त्याला वाफ देतात, आणि ताकद तपासायला त्याच काँक्रीटचा एक ठोकळा, म्हणजे क्यूब, वेगळा भरून नंतर फोडून बघतात. एकच मागणी आहे, पाईप ज्या वाफेत ठेवला त्याच वाफेत क्यूब पण ठेवायचा हे टेंडरमध्ये लिहा. आत्ता पाईप 65 डिग्री वाफेत असतो आणि क्यूब 27 डिग्रीच्या पाण्याच्या टाकीत, मग तो क्यूब पाईपबद्दल काय सांगणार?

मागच्या डिसेंबरात आम्ही राख (वीज केंद्रातली, थोड्या सिमेंटच्या जागी घालतात ती) 20 टक्क्यांवरून 30 वर नेली, बाकी सगळं तेच, वाफ पण नेहमीच्याच टायमाला सोडली. सकाळी साचा उघडला तर कॉलरची, म्हणजे पाईप जोडायच्या कड्याची, कड नखाने खरवडली जायची. मिस्त्री म्हणे, "भाऊ, हाऊ माल आजून कच्चा शे." त्या दिवशीचा सगळा माल फोडावा लागला. आणि त्याच मालाचे टाकीतले क्यूब 28 दिवसांनी आरामात पास झाले!

कारण साधं आहे. राख स्वतःहून घट्ट होत नाही, सिमेंट पाणी पिऊन जो चुना सोडतं त्याच्याशी हळूहळू लागते, साध्या तापमानात त्याला आठवडे जातात, वाफेत हे काम पळतं खरं पण पहिल्या काही तासांची ताकद शेवटी सिमेंटचीच, आणि तेच आपण कमी केलेलं असतं. शिवाय राखेचा माल उशिरा सेट होतो, थंडीत तर अजूनच, त्यामुळे वाफ सोडायच्या आधी त्याला जास्त वेळ निवांत ठेवावा लागतो, घाई केली तर आतून बारीक चिरा. चुनखडीची बारीक पावडर वेगळी वागते, तिच्या कणांवर सिमेंटचा जम लवकर बसतो म्हणून थोडी घातली तर सकाळची ताकद वाढते, पण जास्त घातली की तिथंही सिमेंटच कमी पडतं.

म्हणून राख बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. दीपनगरच्या वीज केंद्राची राख आपल्या दाराशी आहे, आणि वाफ 70 च्या वर गेली तर काही वर्षांनी काँक्रीट आतून फुगून तडकायची भीती असते, ती चांगली राख कमी करते. फक्त दोन क्यूब पाईपसोबत वाफेत जाऊ द्या, एक साचा उघडताना फोडा, दुसरा 28 दिवसांनी, आणि राख किती टक्के घातली ते मालासोबतच्या चलनावर लिहायला लावा. आमच्यासारख्या छोट्या कारखान्याला यात फार खर्च नाही, क्यूबचे साचे तर सगळ्यांकडे आहेतच.

आपला,
एक पाईपवाला, तालुका धरणगाव