चटणीचं प्रमाण आणि घरातलं माप

शहापूर, बेळगाव
शनिवार रात्री

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावाने तुला, जावईबापूंना आणि विहीणबाईंना सलाम. चिमीला गोड पापा.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, चटणीचं प्रमाण पाठव, इथं निपाणीत मीही घरातून सुरू करते." प्रमाण फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं. मी मुद्दाम थांबले. त्याच्याबरोबर जे सांगायचंय ते फोनवर होत नाही, मध्येच तू चिमीकडे धावतेस आणि मी गॅसकडे. म्हणून सगळं आवरून, कागद घेऊन बसले आहे.

आधी तुझं मागणं. एक किलो मिरचीत पाऊण किलो ब्याडगी, पाव किलो संकेश्वरी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. निपाणीची जीभ कोल्हापूरकडची, तिथं संकेश्वरी थोडी वाढवलीस तरी खपेल. धणे पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ अदपाव, लसूण पाव किलो, कांदा अर्धा किलो, खडेमीठ पाव किलो. कांदा चिरून उन्हात सुकवल्याशिवाय तेलात टाकू नकोस, ओल राहिली की चटणीला बुरशी येते. गरम मसाल्याची यादी मागच्या पानावर आहे. आणि एक लक्षात ठेव, बाजारातून आणलेली किलोभर मिरची देठ खुडून, वाळवून झाली की किलोभर राहत नाही. माझी साधारण आठशे-साडेआठशे ग्रॅम भरते. हिशोब आणलेल्या वजनावर नको, वाळलेल्या वजनावर कर. पहिल्या वर्षी मी तिथंच फसले होते.

फसले म्हणजे काय झालं, ते तुला कधी सांगितलं नाही. तू दुसरीत होतीस. पप्पांचं उद्यमबागेतलं फाउंड्रीचं काम थांबलं होतं आणि मी चटणी विकायला लागले होते. किलोमागे हाती फार कमी उरतंय हे कळल्यावर मी अर्ध्या किलोचं पाकीट पिशवीसकट पाचशे भरायला लागले. आत चटणी असायची चारशे ऐंशीच्या आसपास. मनाला सांगितलं, पिशवीलाही पैसे पडतातच की. महिनाभर तसंच चाललं. मग चर्चच्या महिला मंडळातल्या एक वयस्क बाई दुपारच्या आल्या. घरात दुसरं कोणी नाही असं बघून माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, चटणी फार चांगली झालीय. वजन तेवढं बघ." एवढंच बोलून गेल्या. आयुष्यात कुणालाही त्यांनी ते सांगितलं नाही.

त्या रात्री मी बायबलमधल्या अनुवाद पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढला. तेराव्या आणि चौदाव्या वचनात मोशे दोन गोष्टी सांगतो. थैलीत दोन तऱ्हेची वजनं ठेवायची नाहीत, एक जड आणि एक हलकं. आणि घरात दोन तऱ्हेची मापं ठेवायची नाहीत, एक मोठं आणि एक लहान. संडे स्कूलपासून ऐकलेलं वचन. पण 'घरात' या शब्दावर मी त्या रात्री पहिल्यांदा थांबले. थैली बाजारात नेतात, तिथं चार जण बघत असतात. स्वयंपाकघरातलं माप कोण बघायला येणार? घरातून धंदा करणाऱ्या बाईसाठीच तो शब्द तिथं लिहिलाय असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून पाकिटात निव्वळ पाचशे. बायबलमधल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं, तेवढी माझी ऐपत नव्हती. त्या हंगामात मी प्रत्येक पाकिटात पाचशे पन्नास भरले.

वजनाचं दुरुस्त करायला एक रात्र पुरली. दुसरं एक माप दुरुस्त व्हायला मला फार वेळ लागला, आणि ते तुझ्या वाट्याचं होतं.

तू शाळेतून यायचीस, दप्तर टाकायचीस आणि म्हणायचीस, "आई, हे बघ ना." मी म्हणायची, "थांब जरा." दारात कुणी हाक मारली की माझा आवाज बदलायचा. "आले हं, या ना, बसा ना." गिऱ्हाईकाला आत्ता, तुला नंतर. तो 'नंतर' बऱ्याचदा तू झोपल्यावर यायचा. एक दिवस मी चाळण हातात घेऊन बाहेर आले तर तू पायरीवर दुकान मांडून बसली होतीस. कागदाच्या पुड्यांत लाल माती, मांडीवर बाहुली. बाहुलीला म्हणालीस, "थांब गं, गिऱ्हाईक आलंय." आणि शेजारच्या मुलीकडे वळून गोड आवाजात, "या ना काकी, काय देऊ?" बाळा, दोन्ही आवाज माझे होते.

आणि त्याच वर्षीचा तुझा ताप. लग्नाची मोठी ऑर्डर होती, मी दिवसभर देठ खुडले होते. रात्री तू म्हणालीस, "आई, कपाळावर हात ठेव." माझे हात भगभगत होते. तीनदा साबणानं धुतले, तेल लावलं, तरी तुझ्या डोळ्यांजवळ न्यायचं धाडस होईना. पप्पांनी हात ठेवला. मी दाराशी उभी राहून बघत होते. तुला आठवत नसेल. मला अजून आठवतं.

म्हणून चिमी लहान आहे तोवर मिरचीला हातमोजे घालूनच हात लाव. देठ खुडायचे दिवस ठरव आणि त्या दिवसांत चिमीला विहीणबाईंकडे दे. त्यांना आधी विचार. घरचं माणूस आहे म्हणून त्यांचा वेळ फुकट धरू नकोस. तेही दुसरं मापच झालं.

तुझ्या तापानंतर मी दुपारी साडेतीन ते साडेपाच दार लावून घ्यायला सुरुवात केली. लोक नाराज झाले, काही गिऱ्हाइकं तुटली. मला बळ मिळालं ते दुसऱ्या राजे पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातून. विधवा बाई, सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आलेला. अलीशा संदेष्टा तिला विचारतो, घरात काय आहे? एक कुपी तेल. मग सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी आण, थोडकी आणू नकोस, आणि मुलांना घेऊन आत जा, दार लाव. मुलं भांडी पुढं करत होती, ती ओतत होती. तिचा सगळा धंदा दारामागे आणि मुलं तिच्याबरोबर आत. मुलांना बाजूला सारून केलेला तो धंदा नव्हता, त्यांच्यासाठीच होता. तुला पाकिटांवर चिकटपट्टी लावायला मी तेव्हापासून बसवायला लागले, आठवतं?

त्याच गोष्टीत कर्जाचंही आहे. त्या बाईनं शेजाऱ्यांकडून भांडी उसनी घेतली, पैसे नाही. आणि तेल विकल्यावर अलीशानं क्रमही सांगितला: आधी देणं फेड, मग उरलेल्यावर तू आणि तुझी मुलं जगा. तुझ्या दारात गटाचं कर्ज घेऊन कुणीतरी येईलच, सही केली की हातात रोख. आपल्या भागात किती बायकांनी एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढलं हे तू बघितलंयस. वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्यासाठी अध्यादेश काढावा लागला. मिक्सर तुझ्याकडे आहे, कांडायला डंक निपाणीत आहे, पहिल्या पाच किलोंची मिरची मी देते. यंत्र मागाहून, नफ्यातून घे.

सरकारी कामाचं थोडक्यात. अन्नाचा धंदा आहे तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी कर, मी काढली तेव्हा छोट्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी होती. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छाप. धंद्याचं बँक खातं वेगळं आणि फोनवरचे पैसेही त्याच खात्यात घे. २०२५ च्या जुलैत यूपीआयच्या नोंदी बघून आपल्या राज्यात छोट्या व्यापाऱ्यांना कराच्या नोटिसा गेल्या, तेव्हा ज्यांची वही स्वच्छ होती त्यांना उत्तर देणं सोपं गेलं. कैसराचं ते कैसराला, म्हणजे सरकारचं ते सरकारला. देवाचा दहावा भाग, दशांशही त्याच वहीत लिही, महिन्याच्या शेवटी उरलं तर देऊ असं नको.

कामाला बाई ठेवलीस तर तिची मजुरी त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत दे. लेवीय १९:१३ सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. अनुवाद कारणही सांगतो, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो. तू निपाणीत राहतेस, तुला जास्त काय सांगू. तुझ्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या मावशींजवळ एक दुपार बस. घरात बसून केलेलं काम म्हणून त्याचं मोल कसं कमी धरतात, वळलेल्या विड्यांतल्या किती बाजूला काढतात, त्या सांगतील. मग तुझ्या पायरीवर देठ खुडायला बसणाऱ्या बाईशी कसं वागायचं ते वेगळं शिकावं लागणार नाही.

त्याच लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आणखी एक आहे, आणि सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासाठी ते फार जवळचं आहे. पस्तिसावं वचन वजनमापात अन्याय न करण्याचं. त्याच्या लगेच आधीचं वचन परक्याचं: तुमच्यात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. दोन्ही एकाला एक लागून. आपल्याकडे भाषेवरून माणसं किती पटकन तुटतात हे मी जन्मभर बघतेय. माझ्या पाकिटावर मराठीत चटणी लिहिलंय आणि खाली कानडीत खारद पुडी. दोघांना एक भाव, दोघांना एक वजन, दोघांना 'बसा' म्हणणं. तुझी कानडी माझ्यापेक्षा चांगली आहे, ती वापर.

रविवारचं तुला माहीतच आहे, देवानं रानात दिलेल्या मान्ना या अन्नासारखं आदल्या दिवशी दुप्पट करून ठेवायचं आणि रविवारी डंकाकडे जायचं नाही. पण एका एप्रिलच्या रविवारी उपासना चालू असताना वळीव भरून आला होता आणि गच्चीवर दहा किलो मिरची वाळत होती. मी प्रवचनातून उठून पळत घरी गेले. परत आले तेव्हा भिजलेली होते आणि मनात अपराधी वाटत होतं. पाळकसाहेब नंतर म्हणाले, विहिरीत पडलेला बैल शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी कोण बाहेर काढणार नाही? तेव्हा नियम धर, पण त्या नियमानं स्वतःला मारू नकोस.

हे स्वतःला मारणं मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायाबद्दल लिहिते. महिला रविवार आला की तो वाचतात. ती पहाटे उठते, शेत घेते, सूत काढते, कंबरपट्टे करून व्यापाऱ्यांना देते, रात्री तिचा दिवा विझत नाही. मी बाकावर बसून मोजायचे, यातलं आज माझ्याकडून काय झालं. बहुतेक वेळा दोन-तीन. मग एका शिबिरात कळलं की मूळ इब्रीत ही बावीस वचनं आहेत आणि प्रत्येकाची सुरुवात पुढच्या पुढच्या अक्षरानं होते, जसं आपण अ पासून ज्ञ पर्यंत म्हणावं. एका बाईचं अख्खं आयुष्य अक्षरं लावून सांगितलंय, तिचा एक दिवस नाही. तिच्या घरात दासी होत्या, पंधरावं वचन वाच. आणि अठ्ठाविसाव्यात मुलं उठून तिला धन्य म्हणतात. पाळण्यातलं मूल उठून काही म्हणत नाही, म्हणजे ती मुलं तोवर मोठी झालेली असणार. अध्यायाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की लमुएल राजाला हे त्याच्या आईनं शिकवलं. आईनं मुलाला सांगितलेलं आहे ते, सुनेला छळायला कुणी केलेली यादी नव्हे. तुझी चिमी दीड वर्षाची आहे. या वर्षी महिन्याला पाच किलो चटणी झाली आणि ती हसत-खेळत राहिली तर त्या अध्यायातलं तुझं पहिलं अक्षर झालं.

पुढच्या शनिवारी पप्पा निपाणीला येतील. मिरचीबरोबर माझा जुना तराजू देते. त्याच्यावर वजनमाप खात्याचा या वर्षीचा शिक्का आहे, पुढच्या वर्षी तुला मारून घ्यावा लागेल. किलोचं लोखंडी वजनही पिशवीत आहे, दर सोमवारी ते ठेवून काटा बघत जा. मिरचीची पिशवी चिमीचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेव.

काही अडलं तर फोन कर. साडेतीन ते साडेपाच मी अजून दार लावूनच असते, गिऱ्हाइकांना आता सवय झालीय. त्या वेळात कर, तो वेळ तुझाच आहे.

तुझी,
आई