काका, तुमच्या पेन्सिलीसाठी

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण शिरोली एमआयडीसीतल्या निम्म्या लोकांना तुमच्या जुन्या स्कूटरवरूनच ओळख पटेल.

२०१९ चा उन्हाळा आठवतो ना? माझ्या मशीन शॉपमध्ये, म्हणजे धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, ३४ माणसं होती आणि चार महिन्यांत नऊ जण सोडून गेले होते. त्यात व्हीएमसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचे, दोन सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवून देणारे कारागीर. ऑपरेटर गेला तर आठवड्याभरात दुसरा मिळतो. सेटर गेला की पहिला पीस पास होईपर्यंत दुपार होते, रिजेक्शनचा ढीग वाढतो आणि गिऱ्हाईकाचा फोन घ्यायची छाती होत नाही. माझं निदान तयार होतं : शेजारच्या गेटवर दीड हजार जास्त देतात आणि आजकालच्या पोरांना इमान नाही. वडिलांनी उद्यमनगरात एका लेथवर धंदा सुरू केला तेव्हा माणसं कशी वीस-वीस वर्षं टिकायची, हे पालुपदही सोबत असायचंच.

त्याच सुमारास एका प्रशिक्षणातून मी 'एम्प्लॉई व्हॅल्यू प्रपोझिशन' हा शब्द घेऊन आलो. चांगल्या माणसानं आपल्याकडेच का यावं आणि आल्यावर का टिकावं, याचं उत्तर कंपनीनं ठरवायचं आणि उघडपणे मांडायचं. कल्पना पटली. एका रात्रीत दोन पानं लिहिली. वेळेवर पगार, दुप्पट दरानं ओव्हरटाइम, भरपगारी रजा, पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी आणि शेवटी ठळक अक्षरांत 'आम्ही एक कुटुंब आहोत'. शाबासकी मिळेल म्हणून तुम्हाला दाखवली.

तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत. "७ तारखेच्या आत पगार? हा १९३६ चा कायदा आहे. दुप्पट ओव्हरटाइम आणि २४० दिवस भरल्यावर दर वीस दिवसांमागं एक रजा, हा १९४८ चा. बोनस १९६५, ग्रॅच्युइटी १९७२. यात तुझं काय?" एकेक ओळ खोडत गेलात. उरलं फक्त कुटुंब. तेही खोडलंत. "घरात कुणी कुणाची हजेरी लावत नाही."

खरी शरम त्यानंतर वाटली. तुम्ही मस्टर आणि पगारपत्रक मागवलंत. पगार कधी १० तारखेला, तंगीच्या महिन्यात १२ ला. ओव्हरटाइमचा हिशेब सुपरवायझरच्या खिशातल्या डायरीत, त्याच्या मर्जीप्रमाणे. म्हणजे जे देणं लागतच होतो ते धड देत नव्हतो, आणि त्याच्याच जाहिरातीचा मजकूर लिहून बसलो होतो. तुम्ही ओरडला नाहीत. पुढचे तीन महिने आधी एवढंच नीट कर, बाकीचं नंतर बघू म्हणालात.

मग तुम्ही चहाच्या सुट्टीत पोरांमध्ये बसायला लागलात. मला सक्त मनाई होती. मालक समोर असला की सगळे 'सगळं चांगलं आहे' म्हणतात, हे तुम्ही कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरी-पगार बघण्यात, आयुष्य घालवून शिकला होता. तुमचा पहिला प्रश्न होता, तू अजून इथं का आहेस? मी असतो तर 'ते का गेले' असंच विचारलं असतं. उत्तरं ऐकून मी गप्प झालो. गगनबाव्ड्याकडच्या पोरांनी सांगितलं, इथं रोप लागणीला रजा मागितली की तोंड वाकडं होत नाही. एकानं सांगितलं, बहिणीच्या लग्नाला उचल मागितली तेव्हा चारचौघांत कारण विचारलं नाही. तिघांनी एकच गोष्ट सांगितली : जुना सेटर मशीनला हात लावू द्यायचा, ऑफसेट कसा घ्यायचा, म्हणजे हत्याराचं माप मशीनला कसं द्यायचं, ते शिकवायचा. तो गेला आणि ते शिकणंही गेलं. यातलं काहीच माझ्या दोन पानांत नव्हतं. चांगलं म्हणून जे होतं ते वडिलांच्या सवयीनं चालत आलेलं, मला त्याची जाणीवही नव्हती.

सोडून गेलेल्यांपैकी सहा जणांना तुम्ही स्वतः गाठलंत. दीड हजाराचं कारण दोघांनीच दिलं. एकाला पगाराची स्लिप नसल्यानं मोटारसायकलचं कर्ज नाकारलं गेलं होतं. एक कागद! छापायला काय खर्च येतो, तुम्ही विचारलंत. मी उत्तर दिलं नाही.

फळ्यावरचा तुमचा तो तासही विसरता येत नाही. पोरं म्हणत होती, पीएफ कापू नका, हातात किती पडतील ते सांगा. तुम्ही दोन रकाने आखलेत. त्याचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के. ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, त्याचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन, हे दर त्याच जुलैत कमी झाले होते. मग ग्रॅच्युइटी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार १८,००० धरा, गुणिले १५, भागिले २६, गुणिले दहा वर्षं. एक लाखाच्या वर आकडा आला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी "आयला" म्हणालं. दहा वर्षं झालेल्या माणसालाही तो हिशेब कुणी सांगितला नव्हता. मीही नाही.

अखेर जो कागद झाला तो एका पानाचा, मराठीत, मस्टरशेजारी चिकटवलेला. लागणीची रजा पाळीपाळीनं, यादी पोरांनीच मेमध्ये ठरवायची. एक वर्ष झालेल्या प्रत्येकाला आठवड्यातून दोन तास सेटिंग शिकायला, पगारी. उचल फक्त ऑफिसात, दार लावून. आणि खाली तुमच्या आग्रहानं : 'काम उभं राहून आहे. एप्रिल-मेमध्ये शेड तापते. दुसरी पाळी रात्री साडेबाराला सुटते.' हे वाचून कोण येईल, म्हणून मी दोन दिवस भांडलो. ज्याला जमणार नाही तो तिसऱ्या आठवड्यात जाण्यापेक्षा गेटवरूनच जाऊ दे, तुमचं म्हणणं. तुमचं बरोबर होतं. मुलाखतीला आलेले दोघं तो कागद वाचून परत गेले आणि नवख्या हातात तुटणारे माझे इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या हत्याराची कापणारी टोकं, वाया जायची वाचली.

माणसं अजूनही जातात, काका. पुढच्या वर्षभरात चार गेली, त्यातला एक चांगला फिटर होता. पण सोडून गेलेल्या दोन सेटरांपैकी एक परत आला, आणि आज दोन तासांचं सेटिंग तोच शिकवतो. तुम्ही मानधन घेतलं नाहीत. दिवाळीला पाठवलेला डबासुद्धा शॉपमध्ये वाटून टाकलात, हे मला आठ दिवसांनी कळलं.

दुसऱ्या पाळीचं मात्र अडलंय. साडेबारानंतर पन्हाळ्याकडं जायला गाडी नाही, पोरं तीन-तीन जण एका मोटारसायकलवर जातात. टेम्पो ट्रॅक्सचा हिशेब मांडलाय, कागदावर बराच सुंदर दिसतोय. रविवारी या. येताना पेन्सिल आणा.

तुमचा,
शिरोलीचा पुतण्या