विकत घेतलेल्या मॅपवर खेळायला माणसेच नाहीत : मॅप पासचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा, भारत विभाग

विषय : मल्टिप्लेअर मॅप पॅकच्या पासबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा शूटर गेम बाजारात आला तेव्हापासून मी तो खेळतो आहे. मूळ गेम पूर्ण किमतीला घेतला. पुढे वर्षभरात येणारे तीनही मॅप पॅक (म्हणजे ऑनलाइन खेळायच्या नव्या मैदानांचे संच) ज्यात मिळतात, तो पासही आगाऊ पैसे भरून घेतला. पासची किंमत मूळ गेमच्या जवळजवळ निम्मी होती. बिल, ऑर्डर क्रमांक आणि आपल्या ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. तीनही पॅक आज माझ्या खात्यावर जमा आहेत, डाउनलोड होऊन डिस्कवर बसले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक मॅपवर मला एक धड मॅच खेळायला मिळत नाही.

आपल्या ग्राहक सेवेने हा दोष माझ्या इंटरनेटच्या माथी मारला. राउटर बंद करून चालू करा, नॅट टाइप (राउटरची जोडणीची सेटिंग) ‘ओपन’ आहे का पाहा, गेमच्या फाइल तपासून घ्या, असे कळवले. ते सगळे केले. मूळ मॅपवर मला मुंबईच्या सर्व्हरवर अर्ध्या-पाऊण मिनिटात मॅच मिळते आणि सांगलीहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) तिशीच्या आसपास राहतो. खाते तेच, लाइन तीच, राउटर तोच. नव्या मॅपची प्लेलिस्ट (फक्त त्याच मॅपवर मॅच लावणारी यादी) निवडली की मात्र सगळे थांबते. तेव्हा बिघाड माझ्या घरात नाही, हे आधी मान्य व्हावे.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. रात्री साडेनऊ-दहाची वेळ, म्हणजे आपल्याकडची सर्वांत गर्दीची. नव्या मॅपची लॉबी, म्हणजे मॅचआधी खेळाडू जमतात ती जागा, उघडली की मॅचला लागणाऱ्या बारांपैकी चार जण दिसतात. थोड्या वेळाने सहा होतात, मग सात. एखादा कंटाळून बाहेर पडतो, पुन्हा सहा. ‘खेळाडू शोधत आहोत’ ही ओळ हलत नाही. मग गेम आपणहून शोधाची कक्षा वाढवतो आणि मला सिंगापूरच्या, नाहीतर आखातातल्या सर्व्हरवर नेऊन टाकतो. तिथे पिंग शंभरावर जातो. पळत कंटेनरच्या आड पोचल्याचे मला माझ्या पडद्यावर दिसत असते, पण सर्व्हरच्या हिशेबात मी अजून उघड्यावरच असतो, आणि आडोशाला आल्यानंतर मरतो. समोरचा कोपऱ्यावरून डोकावला की मला तो दिसण्याआधी त्याची गोळी लागलेली असते. शूटर खेळणाऱ्या कोणालाही विचारा, याला खेळणे म्हणत नाहीत.

मॅप वाईट असते तर मी एवढे लिहिले नसते. दुसऱ्या पॅकमधला गोदीचा मॅप तर आपल्या डिझायनरांनी फार जीव ओतून बनवला आहे. तीन वाटा, मधल्या वाटेवर क्रेनला लटकलेला कंटेनर. तो फिरतो तशी स्नायपरची नजरेची रेष उघडते आणि मिटते, त्यामुळे मधून धावायचे तर वेळ साधावी लागते. धक्क्याखालून कमरेएवढ्या पाण्यातून एक चोरवाट आहे. वरच्या फळ्यांवरचे पाऊल आणि लोखंडी जाळीवरचे पाऊल यांचा आवाज तिथून वेगवेगळा ऐकू येतो. शत्रू कुठे आहे हे डोळ्यांनी न पाहता कळावे, अशी ही रचना आहे. मी हे सारे प्रायव्हेट मॅचमध्ये एकटा फिरून शिकलो. स्पॉनपासून (खेळाडू मॅपवर अवतरतो त्या जागेपासून) क्रेनपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, स्मोक (धुराचा गोळा) कुठून टाकला की मधली वाट झाकली जाते, कुठल्या जागेला काय नाव द्यायचे, सगळे. पण धक्क्याखालच्या वाटेने मी आलो तर वरून पाऊल वाजवणारा कोणीतरी हवा ना. एकट्याने फिरून मॅप पाठ होतो, खेळला जात नाही. शनिवारच्या सकाळचे मैदान पैसे भरून घ्यावे आणि समोरच्या संघाकडे वेगळी पावती नाही म्हणून त्याला फाटकाबाहेर उभे करावे, असे आपण केले आहे. तशा मैदानाचे पैसे कोणी घेत नाही.

हे योगायोगाने घडलेले नाही, आपल्या विक्रीच्या पद्धतीतूनच घडले आहे. आपले मॅचमेकिंग (खेळाडू जुळवणारी यंत्रणा) एखादा मॅप तेव्हाच लावते, जेव्हा लॉबीतल्या प्रत्येकाकडे तो पॅक असतो. तीन पॅक म्हटले की कोणाकडे कोणता आहे आणि कोणता नाही, याचे आठ प्रकार झाले. प्रत्येक प्रकाराचे पुन्हा मोडनुसार (खेळाच्या प्रकारानुसार) तुकडे, प्लॅटफॉर्मनुसार तुकडे, आणि मग सर्व्हरच्या प्रदेशानुसार. युरोप-अमेरिकेत इतके तुकडे करूनही प्रत्येकात माणसे उरत असतील. भारतात या गेमचे खेळाडू मुळात कमी, त्यांत पास घेणारे आणखी कमी. इथे तुकडा म्हणजे रिकामी लॉबी. निम्म्या खेळाडूंनी एखादा पॅक घेतला आहे असे उदार मनाने धरले, तरी सहज जमलेल्या बारा जणांपैकी सगळ्यांकडे तो असण्याची शक्यता ४०९६ मध्ये एक येते. हे गणित आपल्या अभियंत्यांना माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

असे असूनही दुसरा पॅक आल्यावर थोड्याच आठवड्यांत आपण पहिल्या पॅकची स्वतंत्र प्लेलिस्ट काढून टाकली. ते मॅप आता सर्वसाधारण रोटेशनमध्ये (सगळ्या मॅपच्या आळीपाळीत) मिळतील, असे अपडेटच्या टिपणात लिहिले. वर सांगितलेल्या हिशेबाने ते कधीच येत नाहीत, कारण लॉबीत पॅक नसलेला एक जण जरी असला तरी गेम मूळ मॅपच निवडतो. म्हणजे ज्याने पैसे भरले त्याचा मॅप, ज्याने भरले नाहीत त्याच्यामुळे बंद. त्या दुसऱ्या खेळाडूचा यात काडीचाही दोष नाही.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली ती लिहितो. आम्ही चौघे कॉलेजपासूनचे मित्र. एक चिंचवडला शिफ्टमध्ये, एक नागपूरला, एक बंगळूरला आणि मी सांगलीत. आठवड्यातून जमेल तेव्हा रात्री हेडफोन लावून एका स्क्वाडमध्ये बसतो. गेम हे निमित्त, बोलणे होते हे महत्त्वाचे. आमच्यापैकी तिघांनी पास घेतला. चौथ्याच्या घराचे हप्ते चालू आहेत, त्याने घेतला नाही, आणि त्याने का घ्यावा? पण तो आमच्या पार्टीत (एकत्र खेळणाऱ्या गटात) आला की आमचे तिघांचे नवे मॅप करड्या रंगाचे होतात आणि त्यांवर कुलूप दिसते. कुलपाखाली त्याचेच नाव येते : या खेळाडूकडे हा पॅक नाही. मित्राच्या नावासमोर त्याच्या खिशाचा हिशेब सगळ्यांना दाखवायचा, हा कोणता शिष्टाचार? पहिल्यांदा ते दिसले तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही खेळा रे, मी आज बसत नाही.” आम्ही त्याला जाऊ दिले नाही, मूळ मॅपच खेळलो, आणि तेव्हापासून तेच खेळतो. मित्र की मॅप, असा प्रश्न पैसे भरणाऱ्या ग्राहकापुढे आपल्या कंपनीने टाकायला नको होता.

आणि तो मॅप मित्राच्या डिस्कवर नाही असेही नाही. दुसऱ्या पॅकच्या दिवशी माझा आणि त्याचा अपडेट एकाच आकाराचा होता, हे आम्ही दोघांनी स्क्रीनवर बघून ताडून पाहिले. फाइल सगळ्यांकडे पोचलेल्या आहेत, अडवते ते फक्त खात्यावरचे कुलूप. ते उघडायला नवे काही बनवावे लागणार नाही.

आपला उद्योग या अडचणीशी आज पहिल्यांदा झगडत नाही. २००५ साली ‘हेलो २’ या शूटर गेमचे काही मॅप आधी पैसे घेऊन दिले गेले आणि काही महिन्यांत तेच सगळ्यांना मोफत खुले झाले, जेणेकरून सर्व खेळाडू एका ठिकाणी राहावेत. २०१० मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’चा पाच मॅपचा पॅक पंधरा डॉलरला आला, त्यांतले दोन मॅप तर आधीच्या गेममधले होते, आणि पुढची बरीच वर्षे हीच रीत चालली. पण नंतर वारे फिरले. ‘रेनबो सिक्स सीज’ने २०१५ पासून नवे मॅप सर्वांना मोफत दिले. ‘टायटनफॉल २’ने २०१६ मध्ये तेच केले. ‘बॅटलफील्ड १’मध्ये पास विकला गेला होता, तरी २०१७ मध्ये पास असलेल्या खेळाडूला आपल्या बिनापासच्या मित्रांना नव्या मॅपवर सोबत नेण्याची सोय करून दिली गेली. माझ्या चौथ्या मित्रासाठी मला नेमकी हीच हवी आहे. पुढे ‘बॅटलफील्ड ५’ने २०१८ मध्ये पासच काढून टाकला, आणि २०१९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’ने मॅप सगळ्यांना खुले ठेवले. या कंपन्यांनी नफा सोडला असे कोणी म्हणणार नाही. बंदुकांचे रंग, पोशाख, बॅटल पास (खेळत जाल तशी बक्षिसे देणारा हंगामी पास) यांवर पैसे मिळतात आणि त्यांमुळे कोणाची लॉबी रिकामी होत नाही. मॅप बनवणाऱ्यांना त्यांच्या कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे, त्यासाठी मी पैसे दिले आहेत आणि पुढेही देईन. माझा आक्षेप किमतीला नाही.

आक्षेप आहे तो सांगण्याला आणि न सांगण्याला. पासच्या विक्रीच्या पानावर नव्या मॅपची चित्रे आहेत, सर्व मोडमध्ये खेळता येतील असे लिहिले आहे, भारतातल्या खेळाडूंना भारतीय सर्व्हर मिळेल अशी जाहिरात आहे. पॅक नसलेला एकही मित्र पार्टीत असेल तर मॅप बंद होतील, प्लेलिस्ट कधीही काढली जाईल, पुरेसे खेळाडू नसले तर परदेशी सर्व्हरवर टाकले जाईल, यांतले एक अक्षरही तिथे नाही. पैसे भरण्याआधी हे कळले असते, तर आम्ही तिघांनी पास घेतलाच नसता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानली आहे, आणि ग्राहकाला द्यायची माहिती मुद्दाम न देणे ही सेवेतली त्रुटी मानली आहे. दोन्ही गोष्टी इथे लागू होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

परताव्याचा माझा अर्ज आपण फेटाळला, तो पॅक ‘वापरण्यास सुरुवात झाली आहे’ म्हणून. माझ्या खात्यावरचा तो वापर काढून पाहा. त्यांतला मोठा भाग रिकाम्या प्रायव्हेट मॅचमध्ये एकट्याने फिरण्याचा आणि लॉबीत वाट पाहण्याचा निघेल. वाट पाहिलेला वेळ वापरात मोजू नये, इतकी साधी अपेक्षा आहे.

माझे म्हणणे असे आहे की, तीनही पॅकचे मॅप आपण सर्व खेळाडूंना खुले करावेत. तसे केलेत तर मला माझे पैसे परत नकोत. मी भरलेले पैसे त्या मॅपच्या कामाचे समजेन आणि आनंदाने खेळेन. ते लगेच शक्य नसेल तर निदान पास असलेल्या खेळाडूच्या पार्टीतल्या मित्रांना ते मॅप खेळू द्यावेत, पहिल्या पॅकची प्लेलिस्ट मुंबईच्या सर्व्हरवर परत आणावी, आणि कुलपाखाली खेळाडूचे नाव दाखवणे आजच बंद करावे. यांतले काहीच करायचे नसेल तर पासची पूर्ण रक्कम माझ्या मूळ खात्यावर परत करावी. गेममधल्या नाण्यांच्या किंवा सवलतीच्या कूपनच्या रूपात परतावा मी स्वीकारणार नाही. आणि काहीही ठरले तरी विक्रीच्या पानावर या अटी मराठी, हिंदी, इंग्रजीत ठळक लिहाव्यात. चौथा पॅक येणार असल्याची घोषणा झाली आहे. तो घेणाऱ्यांना तरी आधी माहीत असू दे.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात होणे अपेक्षित आहे. या वेळी तयार मजकूर न पाठवता, मी मांडलेल्या मुद्द्यांवर लेखी उत्तर द्यावे. मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेसाठी शुल्क लागत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. माझ्यासोबत पास घेतलेले दोन्ही मित्र आपापल्या तक्रारी स्वतंत्रपणे पाठवत आहेत.

कळावे,

आपला ग्राहक,
सांगली
(नाव व खाते क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत)

सोबत :
पास खरेदीचे बिल
ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार
रिकाम्या लॉबीचे, पिंगचे आणि कुलूप लागलेल्या मॅपचे स्क्रीनशॉट
खरेदीच्या दिवशीच्या विक्रीच्या पानाची प्रत