‘मॉन्टे क्रिस्टो’ शेवटच्या पानापर्यंत नेणाऱ्या बाईंना जाहीर पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

अलेक्झांडर द्यूमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या फ्रेंच कादंबरीचं 117वं, म्हणजे शेवटचं प्रकरण वाचून झालं आणि आमचा वाचनगट अजून शाबूत आहे. जे मागे पडले होते तेसुद्धा त्यात आहेत. याचं श्रेय तुमचं. हे चार ओळींत खाजगीत कळवता आलं असतं, पण जाड कादंबऱ्या एकत्र वाचायची टूम सध्या गावोगावी आहे, आणि असे किती तरी गट तिसाव्या प्रकरणाच्या पुढेमागे गळून जातात. तेव्हा आभार चारचौघांतच मानलेले बरे. तुम्हाला संकोच वाटेल. इलाज नाही.

आधी तुमच्याआधीच्यांचा हिशेब. हेच पुस्तक पूर्वी आमच्याकडून ज्यांनी ‘करून घ्यायला’ घेतलं होतं, त्यांनी 117 ला 3 ने भागलं. आठवड्याला तीन प्रकरणं, 39 आठवडे, छान रंगीत तक्ता. द्यूमाची प्रकरणं काही एका मापाची नाहीत. काही चार-पाच पानांत आटोपतात, तर रोमच्या दरोडेखोरांचं 33वं प्रकरण म्हणजे पोटातली एक स्वतंत्र कादंबरीच. त्यामुळे एका आठवड्यात वीस पानं आणि दुसऱ्यात सत्तर. ज्या आठवड्यात सत्तर, नेमकी त्याच आठवड्यात माणसं मागे पडतात. मागे पडलेला माणूस पुढच्या बैठकीला यायला लाजतो, आणि दोनदा न आलेला परत येत नाही. त्यावर त्यांचं उत्तर होतं, ‘ज्यांना खरंच वाचायचंय ते वाचतील.’ प्रमाणपत्रं मात्र आधीच छापून तयार होती.

त्याहून वाईट म्हणजे पहिल्याच संध्याकाळी त्यांनी काउंट कोण ते हसत हसत सांगून टाकलं. वर ‘हे तर सगळ्यांना माहीतच असतं!’ ज्यांना माहीत नव्हतं ते गप्प बसले.

तुम्ही पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारलात: ‘तुमच्या प्रतीतल्या शेवटच्या प्रकरणाचा आकडा काय?’ 117 नसेल तर बहुधा प्रत संक्षिप्त आहे, मग मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. या एका प्रश्नाने तीन प्रती आणि लहानपणचं एक मराठी रूपांतर बाजूला निघालं. उरलेल्यांत दोन इंग्रजी अनुवाद होते: फुकट मिळणारा 1846चा जुना, आणि रॉबिन बसचा 1996चा, साडेबाराशे पानांच्या आसपासचा. पानांचे आकडे दोन्हींत जुळत नाहीत, प्रकरणांची नावंही काही ठिकाणी वेगळी आहेत. म्हणून तुमच्या तोंडून कधी ‘पान अमुक उघडा’ आलं नाही. प्रकरणाचा आकडा आणि संवादाचे पहिले चार शब्द, बस. जुन्या अनुवादात बँकरच्या मुलीचं, युजेनीचं, तिच्या गाणं शिकवणाऱ्या मैत्रिणीशी असलेलं नातं बरंच पुसट केलेलं आहे. फोनवर वाचणाऱ्यांना त्या चर्चेचा गंध लागेना, तेव्हा तुम्ही बसचा परिच्छेद काढून सगळ्यांना वाचून दाखवलात. आणि प्रस्तावनेच्या पानांना प्रत्येकाच्या प्रतीत रबरबँड! प्रस्तावना लिहिणारे विद्वान असतात, आणि शेवट आपल्याआधी कुणी वाचलाच नसेल ही शक्यता त्यांच्या मनाला शिवत नाही.

वेळापत्रक तुम्ही पानांवर बांधलंत: बसच्या आवृत्तीची आठवड्याला साधारण 45 पानं, आणि दर सातवा आठवडा मोकळा. मोकळा म्हणजे पूर्ण मोकळा, ‘मागचं भरून काढा’ हे वाक्यसुद्धा नाही. मोठे थांबे गोष्टीच्या वळणांवर होते: 8, 13, 20, 30, 38. 20व्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीवर थांबवल्याबद्दल तेव्हा तुम्हाला बरीच बोलणी बसली. पण ही कादंबरी 1844च्या ऑगस्टपासून 1846च्या जानेवारीपर्यंत ‘जुर्नाल दे देबा’ या पॅरिसच्या दैनिकात तुकड्यातुकड्यांनी येत होती. त्या वाचकांनाही असंच लटकत ठेवलं जायचं. द्यूमा आणि त्याचा सहलेखक ऑग्युस्त माके यांनी गोष्ट तशीच कापली आहे, आणि त्या कापांवर थांबलं की पुढच्या बुधवारची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही.

31व्या प्रकरणाचं तुम्ही जे केलंत ते तर इतर गटचालकांनी भिंतीवर लावून ठेवावं. 30वं प्रकरण 1829च्या सप्टेंबरात संपतं आणि 31वं एकदम 1838 मध्ये उघडतं. फ्लॉरेन्समध्ये फ्रान्झ आणि आल्बेर हे दोन नवेच श्रीमंत तरुण. नायक कुठे गेला? त्याचं मार्सेय बंदर कुठे गेलं? वाचणाऱ्याला वाटतं आपली मधली पानं उलटली गेली, किंवा आपल्यालाच समजत नाही. त्यावर लगेच 33वं, म्हणजे खानावळीचा मालक दरोडेखोराची कथा सांगत बसतो ती. गळती होते ती इथेच. तुम्ही आदल्या आठवड्यात इतकंच म्हणालात, ‘पुढच्या वेळी ओळखीचं कुणी भेटणार नाही. चूक तुमची नाही, त्याने मुद्दाम केलंय. 36पर्यंत चला.’ 36व्यात रोमचा कार्निव्हल आहे; तिथे पोचलेला माणूस पुस्तक खाली ठेवत नाही. 44 आणि 45लाही असंच, कारण तिथे एक नोकर जुनी हकिगत सांगतो आणि त्या हकिगतीत दुसऱ्या वर्षांतल्या घटना येतात. तुम्ही तीन गोष्टी टिपून ठेवायला सांगितल्यात. त्या कुठल्या ते इथे लिहीत नाही, हे पत्र कुणी 20व्या प्रकरणावर असलेलाही वाचत असेल.

आता पट्ट्या. मूळ मुद्दा हाच आहे.

जाड कागदाची, सात सेंटिमीटर रुंद आणि वीस लांब, पुस्तकात खूण म्हणून राहील अशी पट्टी. दर मोठ्या थांब्याला नवी. तीन रकाने: नाव, कोण, पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात. एका पट्टीवर बारापेक्षा जास्त नावं नाहीत. नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे: दाँतेस, विलफोर, कादरूस, न्वार्तिए. नाव तोंडात बसलं की माणूस डोक्यात बसतो. निम्मा गट विलफोरला चार वेगवेगळ्या प्रकारे म्हणत राहिला तर बोलणं कुणाबद्दल चाललंय तेच कळत नाही. ‘कोण’ या रकान्यात त्या प्रकरणापर्यंत जेवढं कळलं तेवढंच, पुढचं अक्षरही नाही. या कादंबरीत माणसं पदव्या मिळवतात, नावं बदलतात, वेष बदलतात. आबे (म्हणजे पाद्री) बुझोनी, लॉर्ड विल्मोर, सिंदबाद हे सगळे तुमच्या पट्टीवर वेगवेगळ्या ओळींत, वेगवेगळी माणसं म्हणून आले. कोणाचा कोणाशी संबंध आहे ती रेघ तुम्ही छापली नाहीत. ज्याला जेव्हा उमगेल तेव्हा त्याने पेन्सिलीने ओढायची. इंटरनेटवर पात्रांचे वंशवृक्ष हवे तेवढे मिळतात, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक पहिल्या नजरेत अर्ध्या पुस्तकाचा खून करतो.

पट्टीच्या मागच्या बाजूला इतिहास, तोही मोजका. नेपोलियन 1815च्या 26 फेब्रुवारीला एल्बा बेटावरून निघाला, 1 मार्चला फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला, 18 जूनला वॉटर्लूला हरला. नायक दाँतेसचं जहाज 24 फेब्रुवारीला मार्सेयला लागतं आणि अटक 28ला होते. या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की एका साध्या पत्राने माणूस आयुष्यातून का उठतो ते भाषणाशिवाय समजतं. नाणी: 20 सू म्हणजे एक फ्रँक, 20 फ्रँक म्हणजे एक लुई. आणि खाली एक ओळ: तारमनोऱ्यावर दांड्यांचे इशारे पुढे पोचवणाऱ्या कर्मचाऱ्याचा वर्षाचा पगार 1,000 फ्रँक. ती ओळ नसती तर पॅरिसच्या दिवाणखान्यांत उधळले जाणारे लाख नुसते आकडेच राहिले असते.

हे सगळं मागे छापण्याचं खरं कारण आम्हाला बरंच उशिरा लक्षात आलं. माणसाला अडलं की तो फोनवर शोधतो, आणि शोधलं की पहिल्या ओळीतच पुढची गोष्ट उघडी पडते. फरियाचं तसंच होणार होतं. कोठडीतला आबे फरिया आला की मराठी वाचक विचारणारच, ‘हा आपल्या गोव्याचा का?’ तुम्ही विचारायची वाट पाहिली नाहीत. जुझे कुस्तोदियु द फारिया, 1756 मध्ये बार्देशातल्या कांदोळीत जन्म, पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग, मृत्यू 1819. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी बाईला संमोहित करणारा पुतळा आहे तो त्यांचाच. द्यूमाने नाव उचललं आणि माणूस इटालियन केला. पाच ओळी. खिशातून फोन कुणीच काढला नाही.

पण यातलं काहीच नसतं आणि पुढची एकच गोष्ट असती, तरी हे पत्र लिहिलं असतं.

तुम्ही जुन्या पट्ट्या टाकून दिल्या नाहीत. प्रत्येक थांब्याच्या पाच-सहा जादा पट्ट्या वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नुसता आकडा. कुणाच्या घरी आजारपण, कुणाची परीक्षा, कुणाचा मार्च महिना. अशी माणसं परत आली तेव्हा गट 60वर होता आणि ती 22वर. तुम्ही ‘कुठे होतात?’ म्हणाला नाहीत. ‘थोडक्यात सांगते काय झालं’ तर नाहीच नाही. प्रकरण विचारलंत आणि त्या प्रकरणाच्या पाकिटातली पट्टी हातात दिलीत, पुढच्यांना दिली होती तितकीच कोरी करकरीत. बैठकीचा पहिला अर्धा तास 30च्या आतल्या गोष्टींवर, मग चहा, मग पुढचं. मागे असलेल्याने चहा पिऊन निघून जायचं, कुणी त्याच्याकडे वळून पाहायचं नाही. चहाची वेळ तुम्ही तेवढ्यासाठी ठरवली होतीत.

उशिरा येणाऱ्यालाही तोच धक्का, तोच आनंद, पूर्णच्या पूर्ण मिळाला पाहिजे असं तुम्ही धरून चाललात. उरलंसुरलं वाढायचं नाही. इतका सभ्यपणा आजकाल पुस्तकांच्या बाबतीत दिसत नाही, आणि रांगेत, दवाखान्यात, कचेरीतही फारसा दिसत नाही. ज्याला जास्त माहीत आहे तो बहुधा ते दाखवल्याशिवाय राहत नाही. तुम्हाला हे पुस्तक जवळजवळ पाठ होतं. तरी कुणी चुकीचा तर्क बांधला की तुमच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. ‘असं का वाटतं?’ म्हणून तुम्ही तो तर्क सगळ्यांसमोर नीट मांडायला लावायचात. चुकीचे तर्क करण्याची मोकळीक हाच रहस्य असलेली कादंबरी वाचण्याचा अर्धा आनंद असतो, आणि तो हिरावून घेणाऱ्यांना आपण काय घेतलं ते कळतही नाही.

मोठ्याने वाचनाबद्दलही लिहायला हवं. दर बैठकीला चारच पानं. पानाला तीन मिनिटं धरली तर बारा मिनिटं. कायम संवादाचीच, वर्णनाची नाहीत. दोन कैद्यांची पहिली भेट आणि न्वार्तिएचं ‘बोलणं’ हे दोन सर्वांत रंगले. लकव्याने जखडलेला म्हातारा न्वार्तिए फक्त डोळ्यांनी बोलतो. डोळे मिटले की होय, अनेकदा मिचकावले की नाही. शब्द हवा असेल तर आधी अक्षरं म्हणायची, मग शब्दकोशाच्या रकान्यावरून बोट फिरवायचं. तुम्ही खरोखर शब्दकोश आणलात आणि एकाला न्वार्तिए केलंत. एक शब्द सापडायला किती वेळ लागतो हे कळल्यावर त्या म्हाताऱ्याच्या जिद्दीबद्दल वेगळं काही बोलावं लागलं नाही.

आता एक विनंती. नवा गट ‘मोबी डिक’ घ्यायचं म्हणतोय: 135 प्रकरणं, शिवाय शेवटी छोटा उपसंहार. 1851 च्या पहिल्या लंडन आवृत्तीत तो उपसंहार छापायचाच राहिला होता, म्हणून या वेळी प्रत तपासताना आकड्यासोबत तोही पाहायचा असं ठरलं आहे. तिथे माणसांपेक्षा जहाजाचे भाग आणि देवमाशांचे प्रकार जास्त अडवणार, त्यामुळे पट्टीचे रकाने बदलावे लागतील. दोन नमुने करून तुमच्याकडे पाठवतोय. पेन्सिलीने खुणा करून द्याल का? आणि तो जाड कागद कुठल्या दुकानातून आणायचात तेही कळवा, साधा कागद आठवड्यात दुमडतो.

तुमचे,
बुधवारच्या वाचनातले सगळे, चहानंतर निघून जाणाऱ्यांसकट