ब्रेक्झिटची झळ घरखर्चाच्या वहीत पाहावी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्याविषयी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येणारे लेख आणि वाचकांची पत्रे मी येथे इंग्लंडमधल्या स्विंडन गावात बसून नियमाने वाचतो. त्यांतील बऱ्याच लिखाणाचा सूर असा असतो की, ब्रिटन बाहेर पडले, थोडी आरडाओरड झाली, पण आकाश काही कोसळले नाही आणि देश आपला चालला आहे. मी मूळचा सिंधुदुर्गातला असून गेली 16 वर्षे या गावात लहान दुकानदारांचे आणि घरगुती व्यावसायिकांचे जमाखर्च लिहिण्याचे काम करतो. आकाश कोसळले नाही हे खरेच आहे. परंतु ज्यांच्या वह्या माझ्या टेबलावर येतात, त्यांच्या घरातला पैसा कोठे कोठे झिरपून गेला हे मला रोज दिसते, आणि ते आपल्या वाचकांसमोर, विशेषतः गोव्यातील आणि तळकोकणातील वाचकांसमोर यावे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

23 जून 2016 रोजी सार्वमत झाले, तेव्हा 51.9 टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. आमच्या स्विंडनमध्ये हे प्रमाण जवळपास 55 टक्के होते. त्या प्रचारात एक लाल बस देशभर फिरली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की, आपण युरोपीय संघाला आठवड्याला 35 कोटी पौंड देतो, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ. हा आकडा ब्रिटनला संघाच्या वर्गणीत मिळणारी सूट वजा न करता काढलेला होता आणि तो दिशाभूल करणारा असल्याचे येथील सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानापूर्वीच सांगितले होते. तरीही घटकाभर तो जसाच्या तसा धरला, तरी साडेसहा कोटी लोकसंख्येत त्याचा हिस्सा दर माणशी आठवड्याला साडेपाच पौंडांच्याही आत येतो, आणि सूट व संघाकडून परत येणारी मदत वजा केली की तो जवळजवळ निम्म्यावर येतो. हा साधा भागाकार त्या दिवसांत फारच थोड्यांनी केला. 35 कोटी हा आकडा डोळ्यांत भरणारा होता. त्याच्या विरुद्ध बाजूला जे नुकसान होते ते मात्र असे एका आकड्यात, एका बसवर लिहिता येण्यासारखे नव्हते.

पहिले नुकसान तर निकालाच्या रात्रीच झाले. निकाल लागण्याआधी पौंडाचा भाव दीड डॉलरला टेकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो 1.33 डॉलरच्याही खाली गेला होता. त्या वेळी मी कुडाळच्या घराच्या कर्जाचा हप्ता आणि आईचा महिन्याचा खर्च मिळून दरमहा 500 पौंड गावी पाठवीत असे. सार्वमताच्या आधी त्याचे साधारण 50 हजार रुपये होत, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेच 500 पौंड पाठवले तेव्हा आईच्या खात्यात 41 हजारांच्या आसपास जमा झाले. बँकेने हप्ता कमी केला नाही आणि माझा पगारही वाढला नाही. आईने फोनवर विचारले की, यंदा पैसे कमी का आले, तेव्हा तिला काय सांगावे हे मला सुचेना. आज पौंडाचा रुपयातला भाव पुष्कळ चढलेला दिसतो आणि त्यावरून गावाकडे लोक समजतात की पौंड सावरला. वास्तविक त्या चढण्यात रुपयाच्या घसरणीचा वाटा मोठा आहे. डॉलरच्या तुलनेत पौंडाला निकालाआधीची दीड डॉलरची पातळी नंतर पुन्हा गाठता आलेली नाही.

चलन उतरले की बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू महागते, आणि ब्रिटन आपल्या खाण्यापिण्याचा मोठा भाग बाहेरून आणतो. जून 2016 मध्ये अर्ध्या टक्क्यावर असलेली महागाई नोव्हेंबर 2017 मध्ये 3.1 टक्क्यांवर पोचली, आणि त्या काळात पगारवाढ तिच्या मागे राहिली. पुढे 2021 पासून सीमेवरची कागदपत्रे आणि तपासण्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, तेव्हा त्यांचा खर्चही दुकानाच्या फळीवरच्या किमतीत मिसळला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की, 2021 अखेरच्या दोन वर्षांत केवळ या कारणाने सरासरी कुटुंबाचा किराणा 210 पौंडांनी वाढला. ज्याची मिळकत मोठी आहे त्याला 210 पौंड जाणवणारही नाहीत. परंतु गोदामात रात्रपाळी करणाऱ्या कुटुंबाच्या मिळकतीतला बराच मोठा वाटा पोटालाच जातो, त्यामुळे तोच बोजा त्यांच्यावर कितीतरी जड पडतो.

व्यापाराचे म्हणाल तर 24 डिसेंबर 2020 रोजी ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात करार झाला आणि मालावर जकात लागणार नाही असे जाहीर झाले. 'जकात नाही' हे ऐकून पुष्कळांना वाटले की सगळे पूर्वीसारखेच चालेल. ते तसे का चालले नाही, हे मला एका मराठी बाईंच्या वहीतून नीट समजले. त्या घरच्या स्वयंपाकघरात, रीतसर नोंदणी करून, दिवाळीचा फराळ करतात. 2020 पर्यंत त्यांची खोकी डब्लिन, ॲमस्टरडॅम आणि फ्रँकफर्टच्या मराठी घरांत जात, आणि ती पाठवणे मँचेस्टरला पाठवण्याइतकेच सोपे होते. पत्ता लिहायचा आणि टपालखर्च भरायचा. 2021 च्या दिवाळीत त्या माझ्या टेबलाशी बसल्या, तेव्हा आम्ही दोघे मिळून कडबोळ्याला कस्टमचा कोणता कोड लावायचा हे शोधीत होतो. खोक्यातल्या प्रत्येक जिन्नसाचे नाव, वजन, किंमत आणि तो कोठे तयार झाला हे वेगवेगळे लिहावे लागत होते. लोणच्याच्या बरण्या भारतातून आलेल्या होत्या, त्यामुळे जकातमाफी त्यांना लागूच होत नव्हती, कारण ती सवलत ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालापुरती आहे आणि येथे नवीन लेबल चिकटवल्याने लोणचे ब्रिटिश होत नाही. तुपाची बरणी हा दुग्धजन्य पदार्थ, म्हणून तिला आरोग्य प्रमाणपत्र हवे, आणि त्याचा खर्च त्या बरणीच्या किमतीच्या कितीतरी पट. वर माल पोचल्यावर तेथील व्हॅट आणि कुरिअर कंपनीची हाताळणी फी ग्राहकाने दारात भरायची. डब्लिनच्या एका ग्राहकाने ती भरायला नकार दिला आणि तीन आठवड्यांनी खोके परत आले. मी ते उघडताना पाहिले; चकल्यांचे तुकडे झाले होते आणि बेसनलाडवांचा भुगा शंकरपाळ्यांत मिसळला होता. बाईंनी तो डबा बाजूला ठेवला आणि विचारले की, पुढच्या वर्षी युरोपच्या ऑर्डरी घ्यायच्या की नाही. मी वही उघडून दाखवली. त्या वर्षापासून त्यांनी युरोप बंद केले. त्यांच्या दिवाळीच्या विक्रीतला जवळजवळ एक तृतीयांश भाग तेथे होता, आणि मदतीला येणाऱ्या दोन बायकांपैकी एकीचे त्या हंगामातले काम त्याबरोबर गेले.

मोठ्या कंपनीला कस्टमचा स्वतंत्र विभाग ठेवता येतो, युरोपात गोदामही उघडता येते. लहान माणसाला एका खोक्यासाठी तेवढेच कागद भरावे लागतात जेवढे कंपनीला हजार खोक्यांसाठी. त्यामुळे जकात नसतानाही लहान विक्रेता बाजारातून उठतो, आणि तो उठल्याची बातमी कोठेही छापून येत नाही.

अर्थसंकल्पावर देखरेख ठेवणारे ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी हे येथील सरकारी पण स्वतंत्र कार्यालय आहे. संघात राहिल्याच्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात 15 टक्क्यांनी कमी राहील, असा त्याचा अंदाज आहे. आता या 4 टक्क्यांशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. 24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. भारतीय म्हणून मला त्याचा आनंद आहे. आपल्या कापड, चामडे आणि मासळी व्यावसायिकांना त्याचा उपयोग व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. परंतु त्यातून ब्रिटनला दीर्घकाळात वर्षाला 480 कोटी पौंड मिळतील असा खुद्द ब्रिटिश सरकारचा अंदाज आहे, आणि ती रक्कम येथील राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक-अष्टमांश टक्क्याच्या आसपास भरते. शेजारच्या बाजारातून जे गेले, ते सात हजार किलोमीटरवरच्या बाजारातून भरून निघण्याजोगे नाही.

सगळ्याच अडचणींचे खापर ब्रेक्झिटवर फोडावे असे मी म्हणत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये येथील महागाई 11.1 टक्क्यांवर गेली ती मुख्यतः युक्रेनच्या युद्धामुळे, ऊर्जेच्या दरांमुळे आणि कोविडनंतरच्या ओढाताणीमुळे. स्विंडनमधला होंडाचा कारखाना जुलै 2021 मध्ये बंद झाला आणि सुमारे साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या. कंपनीने मात्र त्याचे कारण ब्रेक्झिट नसल्याचे सांगितले आहे. पौंड उतरल्याने महाराष्ट्रातून येथे शिकायला येणाऱ्या मुलांना काही काळ फी स्वस्त पडली, हेही खरे. शिवाय आपले कायदे आपणच करावेत असे वाटणारा माणूस मूर्ख नसतो. त्यासाठी थोडी आर्थिक झळ सोसायची तयारी असेल तर तो त्याचा अधिकार आहे. माझी तक्रार एवढीच की, किती झळ बसेल आणि ती कोणाला बसेल हे सामान्य माणसाला आधी कोणी धड सांगितले नाही.

आणि आता आपल्या माणसांविषयी, कारण माझ्या मनाला सर्वांत जास्त तेच लागले आहे. स्विंडनमध्ये गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे, आणि त्या पासपोर्टावर 2020 अखेरपर्यंत ब्रिटनमध्ये बिनव्हिसा राहता व कमावता येत असे. सार्वमताच्या दिवशी माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता आणि राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून मला मतदानाचा हक्क होता. माझ्या शेजारच्या, गोव्यातील सासष्टीच्या माणसाकडे युरोपीय पासपोर्ट होता, आणि म्हणूनच त्याला तो नव्हता. ज्याचा संसार त्या मतावर अवलंबून होता, तो त्या दिवशी नेहमीप्रमाणे पाळीवर गेला आणि मी मत देऊन आलो.

त्याच्या घरातला थोरला मुलगा 2017 मध्ये आला. 30 जून 2021 च्या मुदतीपूर्वी त्याने आधीपासून येथे असलेल्या युरोपीय नागरिकांसाठीच्या सेटलमेंट योजनेत अर्ज केला, त्यामुळे त्याचा हक्क टिकला. धाकट्याचे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लागणारे लिस्बनमधले जन्मनोंदणीचे काम एजंटकडे रेंगाळले आणि पासपोर्ट हातात पडेपर्यंत 2021 उजाडले. तोपर्यंत ब्रिटनचे दार त्याच्यासाठी बंद झाले होते, आणि पोर्तुगीज नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व गेले होते. त्याला येथे नोकरी करायची असेल तर आता मडगावच्या कोणत्याही तरुणाप्रमाणे नोकरीचा व्हिसाच मिळवावा लागेल. तो पोर्तुगालला गेला. तेथील किमान वेतन 2025 मध्ये महिन्याला 870 युरो होते आणि ते वर्षातून 14 वेळा मिळते, म्हणजे वर्षाला 12 हजार युरोंच्या थोडे वर. येथील किमान वेतन एप्रिल 2025 पासूनच्या वर्षात तासाला 12.21 पौंड होते, म्हणजे आठवड्याला 40 तास काम केल्यास वर्षाला 25 हजार पौंडांच्या वर. दोन्ही भावांचे काम सारखेच, गोदामातले. एकाच्या पैशांतून गावच्या घरावर स्लॅब पडला. दुसऱ्याने घेतलेले कर्ज अजून फिटते आहे, आणि पोर्तुगीज भाषा त्याला विशीनंतर, पाळी संपल्यावर, नव्याने शिकावी लागली.

अजूनही दर उन्हाळ्यात गोव्याहून मला फोन येतात की, कागद तयार आहेत, पासपोर्ट मिळाला की इंग्लंडला कधी येऊ. एजंट त्यांना जुनीच गोष्ट सांगत असतात. म्हणून आपणांस विनंती आहे की, पोर्तुगीज पासपोर्टावर आता ब्रिटनमध्ये काय करता येते आणि काय करता येत नाही, भारतीय नागरिकत्व सोडल्यावर ते परत मिळवणे किती कठीण आहे, आणि येथे आधीपासून असलेल्यांचे पती-पत्नी, लहान मुले व अवलंबून असलेले आईवडील यांना कोणत्या अटींवर अजूनही येता येते, याची जाणकारांकडून तपासून घेतलेली माहिती आपण आपल्या गोवा आणि सिंधुदुर्ग आवृत्त्यांत ठळकपणे छापावी. शक्य असल्यास ती मे महिन्यापूर्वी यावी, कारण बहुतेक घरांत कर्ज काढण्याचा निर्णय त्याच सुट्टीत होतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक सिंधुदुर्गवासी वाचक
स्विंडन, इंग्लंड